झोळी आणि तार

संन्याशाने एका गावी किती काळ राहावे, या प्रश्नाचा विचार आपल्याकडील अनेक पंथांनी मोठ्या गांभीर्याने केलेला आहे. महानुभावांनी तर अटन, म्हणजे नित्य फिरते राहणे, हा साधकाचा आचारच ठरविला, आणि जैन मुनींना व बौद्ध भिक्षूंना एका जागी ठाण मांडण्याची मुभा दिली ती प्रामुख्याने पावसाळ्यापुरती. जागेची ओळख झाली की तिची ओढ लागते आणि ओढ लागली की पायांत बेडी पडते, हे भय या सर्वांच्या मुळाशी आहे. पण जो आपले घरच मोटारीच्या मागे जोडून निघाला, त्याची गणना गृहस्थांत करावी की परिव्राजकांत, हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो पेनसिल्व्हेनियातील एका डोंगरकुशीतल्या ट्रेलर-तळावर, हातात ड्रिल घेतलेले असताना.

दादांनी निवृत्तीनंतर घेतलेला ट्रेलर जुना होता. त्याच्या छतावर आतल्या हँडलने वर करून फिरवावयाचा अँटेना होता. केबलची तार बाहेरून आत आणण्याची सोय मात्र नव्हती. मला तो अँटेना फार आवडे. प्रत्येक मुक्कामी वाहिन्यांचा शोध नव्याने घ्यावा लागे, आणि त्या मुलखाच्या हवेत जे असेल तेवढेच पदरात पडे. कुठे पाच केंद्रे लागत, कुठे दोनच. पण त्यांत तिथल्या शेतकऱ्यांसाठी पावसाचा अंदाज असे, तिथल्या शाळेच्या सामन्याची बातमी असे. ही मला माधुकरीच वाटे. ज्या गावी गेलो त्या गावाने झोळीत जे घातले ते खावे आणि पुढे चालावे. उलट केबल म्हणजे खानावळीचा ठरीव डबा. मुक्काम कोठेही असो, तिच्या बहुसंख्य वाहिन्या त्याच. भिंतीवरच्या एका लहानशा बटणाने अँटेना आणि तार यांतील एकच निवडावे लागते, दोन्ही एकदम चालत नाहीत, यातही मला शास्त्राचा निर्वाळा दिसत असे.

त्या दरीत अँटेनाला काहीच लागले नाही; तळावर केबल मात्र होती. वहिनींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन थोडेच दिवस झाले होते. दादा आणि मी सकाळी निघालो की दुपार टळल्यावर परतत असू. तिसऱ्या दिवशी त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही दोघे दिवसभर डोंगर हिंडता, मला इथे माणसाचा आवाज तरी ऐकू येऊ द्या."

माझ्या अपरिग्रहाचा खर्च कोणाच्या खाती पडत होता, हे मला त्या क्षणी कळले, आणि त्याची लाज वाटली. व्रत हे ज्याचे त्यानेच पाळावयाचे असते; यजमानाने उपवास धरला म्हणून घरातल्या आजाऱ्याची पेज बंद करता येत नाही. शिवाय ज्या केबलला मी चैन समजत होतो तिचा जन्मच वंचितांच्या गरजेतून झालेला आहे. 1948 ते 1950 च्या सुमारास याच पेनसिल्व्हेनियातील कोळसाखाणींच्या गावांत डोंगराआड दूरचित्रवाणीच्या लहरी पोहोचत नव्हत्या, तेव्हा माथ्यावर सामाईक अँटेना उभारून तिथून घरोघर तार उतरविण्यात आली. डोंगराने ज्यांची वाट अडविली त्यांच्यासाठी ही तजवीज होती. वहिनींचीही वाट गुडघ्याने अडविलीच होती.

आम्ही दुपारभर खपलो. आत विजेची तार नाही याची खात्री करून घेतल्यावर बाहेरच्या पत्र्यातून, मधल्या फोमच्या थरातून आणि आतल्या प्लायवुडमधून भोक पाडले; झाकणाची जोडणी बसवून तिच्या कडेने बुटाइलची चिकटपट्टी दाबली, कारण ट्रेलरच्या भिंतीत एकदा पाणी शिरले की लाकूड आतल्या आत कुजते. तार सोलताना विणलेल्या जाळीचा एकही धागा मधल्या तांब्याला शिवता कामा नये, नाहीतर चित्र येत नाही. दादांनी चष्मा कपाळावर सारून ते काम स्वतः केले. तळावरच्या विजेच्या पेटीपासून आणलेली तार जोडणीपाशी येण्याआधी जराशी खाली लोंबती ठेवली, म्हणजे पावसाचे पाणी तिच्यावरून ओघळत भिंतीपर्यंत न जाता त्या वळणावरच ठिबकते. संध्याकाळी वहिनी बातम्या ऐकत भाजी निवडीत बसल्या होत्या.

तरीही माझे एक मत कायम आहे. जिथे तार मिळेल तिथेच मुक्काम, असा शिरस्ता ज्या दिवशी पडेल त्या दिवशी चाके असूनही ते घर जमिनीत रुतले असे समजावे. तार जोडण्यात बेडी नाही; तारेच्या टोकाची, हाताने फिरवून काढता येणारी पितळी चकती काढण्याची इच्छा उरत नाही, तेव्हा बेडी पडते.

निघण्याच्या सकाळी वहिनी काठी टेकीत बाहेर आल्या, त्यांनी स्वतः ती चकती सोडविली, तार गुंडाळून माझ्या हाती दिली आणि भोकावरचे झाकण लावले. पुढच्या मुक्कामी केबल नव्हती. अँटेना वर केला. दोन केंद्रे लागली.