सकाळी हळहळला, संध्याकाळी गेला

एका क्रिकेटपटूच्या मरणावरून आज चार शब्द बोलावे असे मनात आहे. माळकऱ्यांच्या मासिकात चेंडूफळी कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे. मरण आपल्याला परके नाही, आणि रडणारी माणसे तर नाहीतच नाहीत.

४ मार्च २०२२ रोजी ऑस्ट्रेलियाचा फिरकी गोलंदाज शेन वॉर्न थायलंडातील कोह सामुई बेटावर अकस्मात गेला. वय अवघे ५२. कसोटी सामन्यांत ७०८ बळी घेतलेला गडी! १९९३ साली मँचेस्टरला त्याने गॅटिंगला टाकलेला चेंडू लेग यष्टीच्याही बाहेर पडला आणि वळून थेट ऑफ यष्टीवर गेला. गॅटिंग नुसता बघत राहिला. तर त्या ४ मार्चलाच त्यांचा जुना यष्टिरक्षक रॉड मार्श वारला होता. वॉर्नने त्याच्याविषयी हळहळून चार ओळी लिहिल्या. त्यानंतर बारा तास लोटले असतील नसतील, तोच लोक वॉर्नसाठी हळहळू लागले. अहो, गेलेल्यासाठी रडायला तरी आपल्याला किती वेळ दिलेला असतो?

मेलबर्नच्या मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे. तिथे लोक लोटले. फुले आली, चेंडू आले. आणि बिअर आली, सिगारेटी आल्या, मांसाचे सारण भरलेले खाणे आले, घेवड्याचे डबेसुद्धा आले! १९९८ साली तो भारतात आला तेव्हा इथले जेवण त्याला मानवेना, म्हणून असलेच डबे त्याच्यासाठी मागवले होते. (त्याच दौऱ्यात ब्रेबोर्नवर मुंबईकडून आपल्या सचिनने नाबाद २०४ केल्या. वॉर्नला १११ धावा पडल्या, बळी एकही नाही. असो.)

हे ऐकून आम्हांला आधी हसू आले, आणि खरे सांगायचे तर किळसही आली. पण मग मनाला विचारले, बाबा रे, तू तुळस-बुक्का कशासाठी नेतोस? त्याला आवडतो म्हणूनच ना? त्या लोकांनी आपल्याला पवित्र वाटते ते नेले नाही, गेलेल्याला जे आवडे ते नेले. वस्तू आम्हांला पटणारी नाही, ती पटवून घेण्याचीही गरज नाही. भाव मात्र ओळखीचा निघाला.

बरे, तो काही संत नव्हता. २००३ साली बंदी असलेले औषध घेतल्याबद्दल त्याला वर्षभर खेळातून बाहेर बसविले होते. पुतळ्यापाशी आलेल्यांना हे पाठ होते. ते जाणूनच रडले.

देह नाशवंत आहे, रडता कशाला, असे म्हणणे सोपे. दुसऱ्याच्या दारात तर फारच सोपे. १२९६ साली आळंदीला ज्ञानोबाराय समाधीस बसले तेव्हा नामदेवराय का कोरडे राहिले? त्यांच्याहून का आम्ही जास्त ज्ञानी? गेल्या आषाढीला शेजारून टाळ वाजविणारा यंदा दिंडीत नसला, की त्या जागेशी आमचाही पाय अडखळतोच.

५ मार्चला मोहालीत भारत-श्रीलंका सामन्याच्या दुसऱ्या दिवसाचा खेळ सुरू होण्याआधी दोन्ही संघ मिनिटभर मुकाट उभे राहिले. ३० मार्चला मेलबर्नच्या मैदानावर पन्नास हजारांवर माणसे जमली. खेळ नव्हता, तरी जमली. मैदानाच्या एका मोठ्या सज्जाला त्याचे नाव दिले. त्या नावावरचा पडदा त्याच्या तिन्ही लेकरांनी दूर केला.