अवघड जागेचं दुखणं

मान खाली घालू नकोस, माझ्याकडे बघ. काल बोईसर स्टेशनच्या जिन्यावरून कठडा धरून, पाय फाकवून एकेक पायरी उतरत होतास. विचारलं तर म्हणालास, "सर, तारापूरला कंपनीत ड्रम उचलताना लचक भरली." लचक भरली की ताप येतो? लघवीला जळजळतं? मेडिकलवरून दोन-दोन गोळ्या कापून आणायच्या आणि शिफ्टला जायचं! दहावीला शास्त्र मीच शिकवलं ना तुला?

मग ऐक. वृषणाच्या मागे एक बारीक नळी वेटोळी घालून बसलेली असते. उलगडली तर सुमारे ६ मीटर भरेल. शुक्रजंतू तिथेच पक्व होतात. ती सुजली की बहुधा एकाच बाजूचं दुखणं दिवसा-दोन दिवसांत वाढत जातं, पिशवी लाल आणि गरम होते. तुझ्या वयात याचं कारण बहुतेक वेळा शरीरसंबंधातून आलेला संसर्ग असतो, गनोरिया किंवा क्लॅमिडिया. तुझ्या वडिलांच्या वयात प्रोस्टेट वाढून लघवी तुंबते आणि तिच्यातले जंतू उलटे चढतात. क्षयरोगही तिथे पोचतो. आणि हत्तीरोग विसरलास? आपल्या पालघर जिल्ह्यात तो आहे. डासांमार्फत शिरलेले जंत त्याच भागात ठाण मांडतात, पुढे अंडवृद्धी होते. आशाताई दारात गोळ्या घेऊन येतात, त्यांच्यासमोर गिळायच्या, तर तू "नंतर घेतो" म्हणून खिशात टाकतोस!

धाकट्या भावालाही सांग: दुखणं एकाएकी उठलं, उलटी झाली, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. साधारण ६ तासांत शस्त्रक्रिया झाली तरच ते वाचण्याची चांगली आशा. तिथे सकाळच्या ओपीडीची वाट बघायची नसते.

तू असंच अंगावर काढलंस तर पू धरेल. दोन्हीकडे पसरलं तर मूल होणं अवघड होईल. डॉक्टर लघवी तपासतील, सोनोग्राफी सांगतील, १० ते १४ दिवसांचं औषध देतील. तिसऱ्या दिवशी ठणका थांबला म्हणून गोळ्या सोडलेल्या मला चालणार नाहीत. संसर्ग शरीरसंबंधातला निघाला तर बायकोलाही औषध घ्यावं लागेल. तिच्यापासून लपवलंस तर तिच्यावर अन्याय करशील आणि स्वतःही पुन्हा आजारी पडशील.

लाज वाटते म्हणतोस? सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये हे उपचार मोफत होतात आणि नाव गुप्त राहतं. ऊठ, सुपरवायझरला फोन कर, आजची पाळी सोड आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा.