साकार्याच्या रणात मोडलेली आज्ञा

वरिष्ठांची आज्ञा आपल्या मनास अनर्थकारक वाटली, तर ती पाळावी की मोडावी? हा प्रश्न जुना आहे. तो आम्ही येथे एका लढाईच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवितो, कारण रणांगणावर त्याचे मोल लगेच व रक्ताने द्यावे लागते.

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या मे महिन्यात ग्रीक सैन्य स्मर्ना बंदरी उतरले व आशिया मायनरात आत आत शिरत गेले. १९२१ च्या उन्हाळ्यात ते अंगोऱ्यावर, म्हणजे हल्लीच्या अंकारा शहरावर, चालून निघाले. रुक्ष मुलखातून पायी कूच करून त्याने साकार्या नदी ओलांडली. पलीकडच्या टेकड्यांवर तुर्की सैन्य वाट पाहत होते. २३ ऑगस्टपासून १३ सप्टेंबरपर्यंत, बावीस दिवस व बावीस रात्री, सुमारे १०० किलोमीटर लांबीच्या आघाडीवर ही झुंज चालली. ती मुख्यतः पायदळाची. एक टेकडी घ्यावी तो पुढे दुसरी उभीच. मुस्तफा केमाल यांचा आपल्या सैन्यास हुकूम असा की, शेजारची तुकडी हटली म्हणून कोणी हटू नये. जेथे पाय टेकेल तेथे पुन्हा तोंड द्यावे. तुर्कांचे अधिकारी इतके पडले की ते लोक या लढाईस अधिकाऱ्यांची लढाई म्हणतात. त्यांच्या सैन्यासाठी घरटी एक मोज्यांचा व एक जोड्यांचा जोड मागण्यात आला होता, आणि खेड्यांतील बायका बैलगाड्यांतून तोफेचे गोळे वाहून नेत होत्या. दोन्हीकडचे मेलेले व घायाळ मिळून ४० हजारांहून अधिक झाले.

ग्रीकांच्या दुसऱ्या कोअरचे सेनापती राजपुत्र अँड्र्यू होते. राजे कॉन्स्टंटाइन यांचे हे बंधू. लढाईच्या अखेरच्या दिवसांत सरसेनापती पापुलास यांनी त्यांस हल्ल्याची आज्ञा केली. दाणागोटा व दारूगोळा अपुरा, माणसे थकून गेलेली. अशांस पुढे लोटणे म्हणजे मृत्यूच्या तोंडी देणे, असे राजपुत्रांस वाटले. त्यांनी ती आज्ञा मानिली नाही. स्वतःच्या बेताप्रमाणे सैन्य हलविले. पापुलास संतापले. राजपुत्रांनी राजीनामा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. थोड्याच दिवसांत सारे ग्रीक सैन्य नदीमागे परतले.

येथे आमच्या मंडळीतील एका पेन्शनर हवालदारबाबांचे बोलणे सांगितल्यावाचून राहवत नाही. ही हकिकत ऐकून ते म्हणाले, "पाळकसाहेब, राजपुत्र होता म्हणून नाही म्हणाला. आम्ही म्हटले असते तर?" यावर आम्हांस चटकन उत्तर सुचले नाही.

शास्त्रातील उदाहरणे आम्ही मनात चाळून पाहिली. याजकांस ठार करा, असे शौल म्हणाला तेव्हा त्याच्या सेवकांनी हात उचलला नाही. दाविदाचे पत्र वाचून यवाबाने मात्र उरीयास तुंबळ लढाईच्या तोंडी ठेविले. त्याने आज्ञा पाळली, आणि उरीयाबरोबर आणखीही माणसे पडली. पण या दोन्ही आज्ञा मुळातच दुष्ट होत्या. दुष्ट आज्ञा नाकारण्यास पद लागत नाही. साध्या शिपायासही तो अधिकार आहे. पापुलास यांची आज्ञा दुष्ट नव्हती; फार तर अविचाराची असेल. अविचार ओळखावयास सारे रण डोळ्यांपुढे असावे लागते, आणि एका कोअरच्या सेनापतीसही ते सारे दिसत नाही. शिवाय पायदळाच्या फळीत एकाचा जीव शेजारच्याच्या भरवशावर असतो. मी हललो नाही म्हणून माझी माणसे वाचली, ती मला मोजता येतात. त्यामुळे दूरच्या टेकडीवर कोण पडले, ते माझ्या दृष्टीस पडत नाही. म्हणून अशा नकारात दया किती आणि आपल्याच मतावरील भरवसा किती, हे ज्याचे त्यासही उमगणे कठीण. तरी राजपुत्रांच्या मनात दया नव्हतीच, असे म्हणण्यास आम्ही धजत नाही.

परिणाम काय झाला तेही पाहावे. १९२२ मध्ये ग्रीकांचा पुरता पराभव झाला, अथेन्समध्ये क्रांती झाली, आणि नोव्हेंबरात तीन माजी पंतप्रधान, दोन मंत्री व एक सेनापती अशा सहांस गोळ्या घालण्यात आल्या. राजपुत्रांवर आज्ञाभंगाचा खटला झाला. परंतु इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज हे त्यांचे आतेभाऊ. इंग्रजांनी मध्यस्थी केली, हद्दपारीवर निभावले, आणि ब्रिटिश युद्धनौकेने त्यांस सहकुटुंब नेले. त्या कुटुंबातील तान्हे मूल म्हणजेच पुढे राणी एलिझाबेथ यांचे पती झालेले फिलिप. इतका मोठा आश्रय ज्याच्या पाठीशी आहे, त्याच्या विवेकाची कसोटी पुरती लागली असे आम्हांस वाटत नाही. मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानिली पाहिजे, असे पेत्र म्हणाला खरा. पण त्याच दिवशी त्याच्या पाठीवर फटके बसले.

आणि पापुलास? १९३५ च्या मार्चात ग्रीसमध्ये सरकाराविरुद्ध बंड उठले. त्याची बाजू घेतल्यामुळे, आज्ञाभंगावर एके काळी संतापलेल्या या वृद्ध सेनापतीस एप्रिलात गोळी घालण्यात आली.

हे सारे आम्ही हवालदारबाबांस पुन्हा जाऊन सांगितले. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "आणि ते शिपाई?" साकार्यावरून जे जिवंत परतले, ते एस्कीशेहिर व अफ्योनच्या बाजूस खंदकांत आणखी जवळजवळ एक वर्ष बसून होते. २६ ऑगस्ट १९२२ च्या पहाटे तुर्की तोफा त्यांच्यावरच सुरू झाल्या.