जोडून घेतलेली रजा

वर्षाखेरीस पुढील सालच्या सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना निघाली, की निफाडच्या कोणत्याही कचेरीत तिचे जे पारायण होते, ते नव्या कायद्याच्या वाट्यासही क्वचितच येत असेल. २०२६ सालापुरते पाहिले, तर प्रजासत्ताक दिन सोमवारी आणि गांधी जयंती शुक्रवारी, म्हणून त्या दोन्ही शनिवार-रविवारला आयत्याच चिकटल्या. दसरा मंगळवारी, म्हणून मधल्या सोमवारची एक किरकोळ रजा खर्ची घातली की चार दिवसांची सोय झाली. परंतु लक्ष्मीपूजन रविवारी यावे आणि बुद्धपौर्णिमेने नेमका महाराष्ट्रदिनाचाच मुहूर्त साधावा, याची हळहळ बोलून दाखविली जाते. मग वर्षाच्या अवघ्या आठ किरकोळ रजांची तजवीज सुरू होते, आणि अर्जाच्या शेवटी ‘मागे-पुढे येणाऱ्या सुट्ट्या जोडून घेण्यास व मुख्यालय सोडण्यास परवानगी असावी’ हे वाक्य बिनचूक उतरते.

या हिशेबात ज्यांना केवळ कामचुकारपणा दिसतो, त्यांच्याशी आमचा मतभेद आहे. जो काळ आपला नाही, त्याचा हिशेब मनुष्य मांडत नाही. मुंबईच्या गिरण्यांत दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत राबणाऱ्या कामगाराला रजा जोडण्याची कल्पनाही सुचणे शक्य नव्हते, कारण जोडावयास मुळात हक्काचा एक दिवसही नव्हता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली, रविवार हा खंडोबाचा वार असल्याचेही कारण पुढे केले, आणि १० जून १८९० रोजी तो एक दिवस पदरात पडला. शनिवार तर राज्य शासनाच्या नोकरांना सरसकट मिळाला तो २९ फेब्रुवारी २०२० पासून, आणि तोही फुकट नव्हे, रोजची कचेरीची वेळ पाऊण तासाने वाढवून. इतक्या सायासाने मिळालेल्या दिवसांची कोणी काटकसरीने मांडणी केली, तर त्यात उधळेपणापेक्षा संसारीपणाच अधिक आहे. न्यायमूर्ती रानडे याच निफाडात १८४२ साली जन्मले. त्यांच्या अखंड उद्योगाचा दाखला देऊन कारकुनाला लाजविण्याची रीत सोपी आहे, पण उच्च न्यायालयाला उन्हाळ्याची दीर्घ सुट्टी एकसंध मिळते आणि कारकुनाला ती तुकड्यातुकड्यांनी घडवावी लागते, हे लाजविणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

तक्रारीस खरी जागा आहे ती निराळीच. पेढी बंद म्हणजे व्यापाऱ्याची रोकड बंद, आणि रोकड बंद म्हणजे लिलाव बंद, ही साखळी लासलगाव-पिंपळगावच्या कांदा उत्पादकास पाठ आहे. अमावास्येला लिलाव न करण्याचा शिरस्ता लासलगावात कित्येक दशके चालला. पण अमावास्या एका दिवसाची असते, दिवाळीच्या जोडसुट्ट्या आठवडा गिळतात. उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्महिने दम धरतो. खरिपाच्या लाल कांद्याला तो दम नाही, त्याचे देठ ओले, पात्या सुटलेल्या, ढिगात ऊब धरली की चार दिवसांत वास येऊ लागतो. बाजार उघडतो त्या सकाळी साऱ्यांचीच ट्रॅक्टरे एका वेळी रांगेत लागतात, आवक फुगते आणि भाव बसतो. एकाने जोडून घेतलेल्या सुट्टीचे व्याज असे दुसऱ्याच्या मालातून वसूल होते. रजा व्यक्तीने जोडावी, बाजाराने आणि खिडकीने जोडू नये, एवढाच भेद आमच्या व्यवस्थेला अद्याप साधलेला नाही. सोमवारी अर्धे आणि मंगळवारी अर्धे अशी पाळी लावणे काही राज्यकारभाराचे गूढ नव्हे, परंतु ज्येष्ठतेच्या क्रमाने आधी वरिष्ठांचे अर्ज मंजूर होतात आणि उरलेले ‘दौऱ्यावर’ असतात.

द्राक्षबागाईतदार मात्र तारखांचा हिशेब कारकुनाहून कसून करतो. गोडी छाटणीपासून काढणीपर्यंत सुमारे चार महिने. म्हणून सारी बाग एकदम न छाटता तो प्लॉट मागे-पुढे धरतो, कोणी परतीच्या पावसाचा धोका पत्करून लवकर छाटतो आणि भाव गाठू पाहतो. ऑक्टोबरच्या आरंभी छाटलेला प्लॉट दिवाळीत फुलोऱ्याला येतो, आणि त्या दिवसांत ढगाळ हवा पडली, तर डावणीची फवारणी लक्ष्मीपूजनाच्या पहाटेही चुकत नाही. तिला मागचा-पुढचा दिवस जोडता येत नाही.

आणि हे दोघे जण निफाडात पुष्कळदा एकाच घरात, किंबहुना एकाच सदऱ्यात नांदतात. कचेरीतल्या कितीतरी जणांची वडिलार्जित बाग असते, आणि दसऱ्याला जोडलेला तो सोमवार थंड हवेच्या ठिकाणी न जाता, सुरगाणा-पेठेकडून आलेल्या मजुरांच्या टोळीबरोबर छाटणीत जातो. अर्जात कारण लिहिलेले असते, ‘घरगुती काम’; वरिष्ठ ते वाचून हसतात, कारण त्यांचाही एक प्लॉट छाटावयाचा राहिलेला असतो.