नदीपलीकडचा भाव

गेल्या दिवाळीत आमच्या यवतमाळच्या घरी ओसरीवर एक वाद रंगला. वाद घालणारे दोघेही घरचेच. एक माझा पुतण्या. तो बरीच वर्षे स्टॉकहोमला असतो. दुसरे आमचे जावई. त्यांचे बिऱ्हाड अमेरिकेत, टेक्सास राज्यात. लक्ष्मीपूजन आटोपले होते, चकल्यांचे ताट मध्ये होते, आणि विषय निघाला तो कराचा. लक्ष्मीची पूजा करून उठलेल्या माणसांना लगेच ती कोण घेऊन जातो याची आठवण व्हावी, हे तसे स्वाभाविकच म्हणायचे.

पुतण्याचे म्हणणे असे की, त्याच्या पगारातला मोठा वाटा सरकार घेते, आणि उरलेल्यातून बाजारात काही घ्यावे तर बहुतेक वस्तूंवर पंचवीस टक्के कर पुन्हा आहेच. परंतु मूल झाले तेव्हा आईबापांना मिळून ४८० दिवसांची रजा भत्त्यासह मिळाली. मुलाच्या शिक्षणाची, म्हाताऱ्यांच्या दुखण्याची काळजी तिथे रात्री उशाशी येऊन बसत नाही. जावयांचे म्हणणे नेमके उलट. टेक्सासात राज्याचा आयकरच नाही. केंद्राचा देणे असेल तेवढा देतो, बाकीच्याचे काय करायचे ते माझे मी ठरवतो.

"आणि दुखण्याने अंथरूण धरलेत तर?" पुतण्याने विचारले.

दुखण्याचा विमा बहुधा नोकरीला बांधलेला असतो आणि नोकरी सुटली की तोही सुटू लागतो, हे जावयांनी मोकळेपणाने कबूल केले. "पण तुमच्याकडे धाडस करायचे कशासाठी?" असा टोला त्यांनी मारलाच. पुतण्या हसला. म्हणाला, कारखाने तिथेही खाजगी मालकांचेच आहेत. वारसा कर तर स्वीडनने २००४ च्या अखेरीस काढूनच टाकला. सगळेच काही सरकारच्या मुठीत नाही.

मग दोघेही माझ्याकडे वळले. "काकाजी, तुम्ही सांगा," हा म्हणाला. "हो मामाजी, तुम्हीच निवाडा करा," ते म्हणाले.

मी निवृत्त शिक्षक. स्टॉकहोम आणि टेक्सास मी आयुष्यभर नकाशावर छडीने दाखवले. निवाडा मी काय करणार? परंतु मला त्या क्षणी वाटले, की हे दोन्ही देश मी या एका जिल्ह्यात राहून पाहिले आहेत, आणि तेही एकाच वेळी.

१९७२ हे वर्ष महाराष्ट्रात दुष्काळाचे म्हणून लक्षात आहे. त्याच सुमारास राज्यात दोन योजना सुरू झाल्या. एक कापूस एकाधिकार खरेदीची, दुसरी रोजगार हमीची. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे, पुसद तालुक्यातील गहुलीचे. रोजगार हमीची मूळ कल्पना वि. स. पागे यांची; परंतु तिला राज्यभर पाय फुटले ते याच कारकिर्दीत. दोन्ही योजना कल्याणकारी. दोन्हींत सरकार काही घेत होते आणि काही देत होते. परंतु घेण्याची तऱ्हा वेगळी होती, आणि माझ्या मते सारा प्रश्न त्या तऱ्हेत आहे.

एकाधिकार म्हणजे काय, हे आजच्या तरुणांना सांगावे लागेल. महाराष्ट्रातल्या कास्तकाराने आपला कापूस फक्त सरकारी योजनेच्या केंद्रावरच द्यायचा. खाजगी व्यापाऱ्याला विकणे बंद, राज्याबाहेर नेणे बंद. भाव आधी हमीचा, पुढे साऱ्या राज्याच्या कापसाची विक्री होऊन वर काही उरले तर बोनस, आणि त्यातूनही पडत्या वर्षांसाठी काही भाग राखून ठेवायचा. हेतू वाईट मुळीच नव्हता. इंग्रजांच्या काळापासून आमचा कापूस खुल्या बाजारातच होता. १९०३ साली मूर्तिजापूर ते यवतमाळ जी लहान रेल्वे झाली, ती काही आम्हाला पंढरपूरला नेण्यासाठी झाली नव्हती. ती पांढरे सोने मुंबईकडे आणि पुढे विलायतेकडे नेण्यासाठी. त्या खुल्या बाजारात माझ्या आजोबांच्या कापसाचा सौदा रुमालाखाली दोन व्यापाऱ्यांच्या बोटांनी होई. आजोबा शेजारी उभे राहून रुमाल पाहत. अशा बाजारातून कास्तकाराला सोडवावे असे कोणाला वाटले, तर त्याला दोष कसा द्यावा?

परंतु माझ्या वडिलांना तो रुमाल पाहिलेला असूनही एकाधिकार मानवला नाही. आमचे गाव केळापूर तालुक्यात, पैनगंगेपासून दोन-तीन कोसांवर. नदीच्या पलीकडे आदिलाबाद, त्या वेळचा आंध्र. ज्या केंद्रावर आमचा कापूस जाई तिथे बंड्यांची रांग लागे. माणसे रात्री बंडीखालीच पडत. ग्रेडर मूठभर कापूस उचलून प्रत ठरवी, आणि चुकारा हप्त्या-हप्त्याने मिळे. मुलीचे लग्न माघात आणि चुकारा चैत्रात, असे कित्येक घरी झाले. बाबांचा राग मात्र रांगेवर नव्हता, हप्त्यावरही नव्हता. ते म्हणत, "माह्या कापसाचा भाव मले इचारल्याबिगर ठरवते, अन् वरतून म्हन्ते, तुह्याच भल्यासाठी."

हे "तुह्याच भल्यासाठी" त्यांना झोंबे.

आता दुसऱ्या योजनेकडे पाहा. रोजगार हमीसाठी पैसा हवा म्हणून १९७५ साली व्यवसाय कर आला. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्याकडून तो घ्यायचा, आणि जितका जमेल तितकी भर सरकारने तिजोरीतून घालायची. माझ्या पगारपत्रकात हा नवा रकाना उमटला तेव्हा शिक्षकांच्या खोलीत केवढी कुरकुर झाली! मीही केली. घटनेने तेव्हा या कराला वर्षाला अडीचशे रुपयांची मर्यादा घातलेली होती. १९८८ च्या दुरुस्तीने ती अडीच हजार झाली. आज नोकरदाराला एरवी दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापलेले दिसतात, तो हाच कर.

त्याच काळात सुट्टीत गावी गेलो असता पाझर तलावाचे काम चाललेले पाहिले. आमच्या जुन्या सालदाराची बायको तिथे माती वाहत होती. मी शहाणपणाने म्हटले, "बरे झाले, सरकारने तुम्हाला मदत केली." ती टोपली डोक्यावर ठेवून म्हणाली, "गुरुजी, इथं कोनाची मेहेरबानी नाही. खोदलं थे मोजते, अन् मोजलं थे देते." १९७७ साली कायदा होऊन १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून काम मागणे हा हक्कच झाला, आणि २००५ साली केंद्राने देशासाठी तसाच कायदा केला. खोटी हजेरीपत्रके, उशिरा मिळालेली मजुरी, हे सारे त्या योजनेतही होते. आणि पुढे कर जमत राहिला पण कामे मात्र आटली, हेही खरे. तथापि त्या बाईच्या बोलण्यातली ताठ मान मी विसरलेलो नाही.

मी हे सांगितले तेव्हा पुतण्याची कळी खुलली. त्याला म्हटले, जरा थांब. माझ्याकडून घेतले ते दुसऱ्यासाठी घेतले. मी कुरकुरलो, पण माझे काही बिघडले नाही. पगारातले बाकीचे माझे राहिले, आणि त्याचे काय करायचे तेही. बाबांकडून घेतले ते त्यांच्याच भल्यासाठी, आणि घेतले ते पैसे नव्हेत, तर आपला माल कोणाला द्यायचा हे ठरवण्याचा हक्क. नैतिकदृष्ट्या आपण समजतो ते याच्या उलट. एखाद्याचे त्याच्याच हितासाठी घेतले तर तो अन्याय कसला, असे वाटते. परंतु मोठ्या माणसाला त्याचे हित शिकवणाऱ्याने आधी त्याला लहान केलेले असते. स्वीडनचे सरकार पुतण्याचा पैसा घेते, पण त्याने कोणाकडे नोकरी करावी हे सांगत नाही. म्हणून तो तिथे सुखी आहे. नुसत्या रजेमुळे नव्हे.

मग जावयांची कळी खुलायची वेळ आली, पण तीही फार टिकली नाही. एकाधिकार मोठ्या तोट्यात जाऊन २००२ च्या सुमारास सैल झाला आणि खाजगी व्यापार परत आला. शरद जोशींसारख्यांनी ज्या मोकळ्या बाजाराचा आग्रह धरला होता, तो आमच्या दारात आला. आणि पुढची चार वर्षे या जिल्ह्याने जे पाहिले ते सणाच्या दिवशी सविस्तर सांगण्यासारखे नाही. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर करून गेले. त्या सहांत आम्ही होतोच. गंमत अशी, की त्या वर्षांत जगाच्या बाजारात कापसाचा भाव पाडला गेला त्याला अमेरिकन सरकारचे अनुदानही कारण होते. तिथल्या कापूसवाल्यांना तिजोरीतून अब्जावधी डॉलर मिळत. ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली आणि २००५ साली अपिलातही निकाल अमेरिकेविरुद्ध लागला. म्हणजे ज्या देशाला आपण मोकळ्या बाजाराचे माहेर समजतो, त्याचा कास्तकार करदात्याच्या छत्रीखाली होता, आणि आमचा मात्र खरोखर मोकळ्यावर, पावसात.

जावई गप्प झाले. मग म्हणाले, "पण मामाजी, तुमच्या बाबांनी त्या एकाधिकारात केले काय? मुकाट्याने दिला कापूस?"

ही गोष्ट मी मुलांना कधी सांगितली नव्हती. एका वर्षी पलीकडचा भाव बराच चढा होता. बाबांनी रात्री बंडी भरली, नाका टाळून नदीचा उतार गाठला आणि उजाडायच्या आत आदिलाबादच्या बाजूला रोकड घेऊन कापूस विकला. मी सरकारी पगार खाणारा. मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. नोकरीची भीती होती, आणि वर तत्त्वाचा मुलामा. आज मला वाटते, की माल त्यांचा होता आणि त्यांनी तो विकला.

"मग बरोबरच केले की," जावई म्हणाले.

पुतण्या मात्र हिशेबी. तो म्हणाला, "काकाजी, बोनस साऱ्यांच्या कापसावर मिळून ठरायचा ना? चढ्या भावाच्या वर्षी ज्यांना जमते ते नदीपलीकडे गेले, आणि पडत्या वर्षी सगळे परत केंद्रावर आले, तर जे गेलेच नाहीत त्यांच्या वाट्याला काय उरले?"

याचे उत्तर माझ्यापाशी नाही. ज्यांना जमले नाही त्यांतला एक आमच्या शेतालगतच होता. त्याच्याकडे बंडी नव्हती, बैलही एकच. त्याने त्या वर्षीचा सगळा कापूस केंद्रावर दिला आणि चुकाऱ्याची वाट पाहत बसला. आमच्या दोन बैलांपैकी एक त्या आठवड्यात लंगडत होता. बाबांनी सावडीने त्याचा बैल मागून आणला, आणि त्याने कशासाठी म्हणून न विचारता दिला. त्या रात्री नदी उतरलेल्या जोडीतला डावा बैल त्याचा होता. परत आल्यावर बाबांनी त्याला काय दिले, की काहीच दिले नाही, हे मी त्या चार दिवसांच्या अबोल्यात विचारले नाही, आणि पुढे विचारायचे राहून गेले.