सापडलेले आणि दिलेले : आंतरजालावरील शोध व मैत्रीची नीती

वाचनात आलेली एखादी चांगली गोष्ट मित्राला दाखवावी, ही प्रेरणा इतकी स्वाभाविक मानली जाते की तिच्यासंबंधी नैतिक प्रश्न उपस्थित करणे काहीसे अप्रस्तुत वाटावे. पुस्तक उसने देणे, मासिकातील लेखाचे कात्रण पत्रासोबत पाठवणे, अमुक ग्रंथालयाच्या अमुक कपाटात एक जुना अंक आहे असे सांगणे, या कृतींवर साहित्यव्यवहाराचा बराचसा भाग उभा असतो. वाङ्मयाच्या समाजशास्त्रात लेखक, प्रकाशक, ग्रंथालये व वाचकवर्ग यांचा विचार होतो. एका वाचकाने दुसऱ्या वाचकाच्या हाती दिलेल्या गोष्टीचा मात्र सहसा होत नाही. आंतरजालाने या कृतीचे स्वरूप पालटले आहे, आणि तो पालट केवळ वेगाचा वा संख्येचा नाही. देण्याच्या या व्यवहारात खर्च नेमका कोणाचा होतो, हेच आता उलटे झाले आहे.

मार्सेल मोस याने १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दानविषयक निबंधात देणे, स्वीकारणे आणि परतफेड करणे अशा तीन बंधनांची मांडणी केली. तिच्यामागे एक गृहीत आहे : दात्याने काहीतरी आपल्यापासून वेगळे केलेले असते. उसन्या दिलेल्या पुस्तकाची कपाटातील रिकामी जागा ही त्या देण्याची खूण होय. संकेतस्थळाचा पत्ता दिल्याने देणाऱ्याचे काहीच उणे होत नाही. विद्याधन दिल्याने वाढते, असे सुभाषितकार सांगतात हे खरे. पण विद्या देणारा गुरू निदान आपला वेळ वेचीत असतो. येथे एक बोट हलते, इतकेच. खर्च होतो तो स्वीकारणाऱ्याचा. त्याचा अर्धा तास जातो, त्याची एकाग्रता मोडते, आणि 'पाहिलेस का?' या प्रश्नाला काही उत्तर दिले पाहिजे ही भीडही त्याच्याच माथी येते. दान म्हणून जे पाठवले जाते, ते वस्तुतः एक मागणे असते : अवधानाचे मागणे.

अवधान हा शब्द मराठी परंपरेला नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या प्रारंभी श्रोत्यांकडे अवधान मागितलेले आहे, आणि ते मागताना ज्ञानदेव त्याच्या बदल्यात काय लाभेल याची उघड प्रतिज्ञाही करतात. या रचनेकडे नम्रतेचा संकेत म्हणून पाहण्याची सवय आहे. परंतु तिच्यात एक करार आहे. जो अवधान मागतो तो जामीन राहतो. आंतरजालावरील देवघेवीचा नैतिक प्रश्न या जामिनाचा आहे.

हा जामीन कशाचा असावा, याचे एक उत्तर आंतरजाल अस्तित्वात येण्यापूर्वीच सुचवले गेले होते. अमेरिकी अभियंता व्हॅनिव्हर बुश याने जुलै १९४५ मध्ये 'द अटलांटिक' मासिकात 'अ‍ॅज वी मे थिंक' हा निबंध लिहिला. त्यात 'मेमेक्स' नावाच्या एका काल्पनिक यंत्राचे वर्णन आहे : मेजासारखे यंत्र, त्यात सूक्ष्मपटांवर साठवलेला एका व्यक्तीचा सारा ग्रंथसंग्रह, आणि त्यातील कोणत्याही दोन पृष्ठांना कायमचे जोडून ठेवण्याची सोय. हे यंत्र कधी बनले नाही. संगणकाच्या इतिहासकारांना या निबंधात पुढील तंत्रज्ञानाची चाहूल दिसते. त्यात मैत्रीविषयीची एक दृष्टीही आहे, तिच्याकडे मात्र तुलनेने दुर्लक्ष झाले. बुशने दिलेल्या उदाहरणातील गृहस्थ क्रूसेडच्या चकमकींत तुर्की आखूड धनुष्य इंग्रजी लांब धनुष्यापेक्षा सरस का ठरले असावे, याचा शोध घेत आहे. विश्वकोशातील नोंद, इतिहासग्रंथातील एक भाग, मग लवचीकतेच्या शास्त्रावरील पाठ्यपुस्तके आणि कोष्टके, मध्येच स्वतःच्या हस्ताक्षरातील एक टिपण, अशी त्याची वाट तयार होते. काही वर्षांनी एका मित्राशी बोलताना विषय निघतो तो निराळाच : माणसे नवे स्वीकारायला का नाखूश असतात? त्या गृहस्थाला आपले जुने धनुष्य आठवते. युरोपीय योद्ध्यांचे बाण तुर्कांइतके दूर जात नव्हते, तरीही त्यांनी ते धनुष्य उचलले नाही. मग तो ती संपूर्ण वाट मित्राच्या स्वाधीन करतो, आणि मित्र ती आपल्या संग्रहातील अधिक व्यापक वाटेला जोडून घेतो.

या छोट्या प्रसंगात तीन गोष्टी आहेत. दिले जाते ते मित्राच्या प्रश्नाला उत्तर म्हणून. सापडल्यासापडल्या आनंदाच्या भरात नव्हे. दिली जाते ती वाट, केवळ मुक्कामाचे ठिकाण नव्हे, आणि तिच्यात देणाऱ्याने चुकतमाकत घेतलेली वळणेही असतात. शिवाय स्वीकारणारा तिचे काहीतरी करतो. धनुष्याचा प्रश्न त्याच्याकडे आल्यावर समाजशास्त्राचा होतो. १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली याने सर्न या संशोधनसंस्थेत मांडलेल्या प्रस्तावातून जे जाल पुढे विणले गेले, त्यात दुवा आहे, पण बुशच्या अर्थाची वाट नाही. पत्ता जातो, तेथवर कसे पोचलो हे जात नाही. ते सांगण्याचे काम यंत्राने माणसावर सोडले, आणि माणसाने ते बहुधा टाकून दिले.

येथे एक आक्षेप संभवतो. मैत्रीत सगळेच प्रश्नोत्तर नसते. पुष्कळ गोष्टी नुसत्या गंमत म्हणून दाखवल्या जातात आणि त्यांना वाटेचा वा जामिनाचा भार घालणे हे पंडिती अरसिकपणाचे लक्षण होय. आक्षेपात तथ्य आहे, पण गंमत म्हणून दाखवतानाही 'हे पाहा' या उद्गारात एक दावा असतोच. कांटच्या मते 'हे मला आवडते' आणि 'हे सुंदर आहे' ही विधाने भिन्न जातीची आहेत. दुसरे विधान करणारा इतरांच्या संमतीची अपेक्षा धरतो, आणि ती संमती सिद्धतेने मिळवण्याचा मार्ग मात्र त्याच्यापाशी नसतो. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथापासून मराठी समीक्षेला हा विचार परका राहिलेला नाही. मित्राला काही दाखवणारा माणूस याच अवघड जागी उभा असतो. मित्राला ते आवडले नाही तर त्याची स्वतःची रुची उघडी पडते. ही जोखीम हाच त्याने केलेला खर्च, आणि क्षुल्लक विनोद पाठवतानाही तो थोडासा होतच असतो. 'तुम्हांला हेही आवडेल' असे सुचवणाऱ्या यंत्रणेची गोष्ट निराळी आहे. ती आवडीचे भाकीत करते. सौंदर्याचा दावा करीत नाही. भाकीत चुकले तर तिचा हिशेब सुधारतो. ती खजील होत नाही.

जामीन नेहमी पूर्ण खात्रीचाच असला पाहिजे असेही नाही. 'अजून वाचलेले नाही, पण तुझ्या विषयाचे दिसते' हे वाक्य प्रामाणिक आहे, कारण त्यात जामिनाची मर्यादा सांगितलेली आहे. अप्रामाणिक आहे तो 'आला तसा पुढे पाठवला' हा आता रूढ झालेला शेरा. अवधान तर मागायचे आणि प्रतिज्ञा मात्र नाकारायची, असे हे वर्तन आहे.

दुवा देणे आणि प्रत करून पाठवणे यांतील भेदही या संदर्भात लक्षात घ्यावा लागतो. (मराठीत दुवा देणे म्हणजे आशीर्वाद देणेही होते, हा केवळ शब्दांचा योगायोग, पण सुखद योगायोग.) दुवा मित्राला त्या गोष्टीच्या घरी नेतो. तेथे लेखकाचे नाव, तारीख, शेजारचे लेखन, सारे जागच्या जागी असते. प्रत तीच गोष्ट उपटून आणते. म्हणून दुवा श्रेष्ठ, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. दुवे मरतात. प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या संकेतपृष्ठांपैकी ३८ टक्के पृष्ठे दहा वर्षांनंतर उपलब्ध नव्हती. प्रत करणाऱ्याच्या बाजूने मराठी वाङ्मयेतिहासही साक्ष देतो. संतवाङ्मय तगले ते बाडे उतरून घेणाऱ्यांमुळे. तुकोबांचे अभंग म्हटले की संताजी तेली जगनाडे यांच्या वह्यांचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. परंतु त्या परंपरेने प्रत करण्याबरोबर एक खबरदारी घेतली होती. अभंगाच्या अखेरीस येणारी नाममुद्रा ही संहितेचाच भाग असते. ती काढली तर चरण मोडतो, म्हणून गाणाऱ्याला किंवा उतरून घेणाऱ्याला कर्त्याचे नाव सहजी गाळता येत नाही. नाममुद्रेमुळे प्रक्षेप थांबले नाहीत, उलट थोरांच्या मुद्रेखाली कित्येकांच्या रचना शिरल्या, हेही खरे. तरीही देताना नाव सोबत गेले पाहिजे ही जाणीव तेथे रचनेतच मुरलेली होती.

आजच्या फिरत्या मराठी मजकुरात याच्या नेमके उलट घडते. लिहिणाऱ्याचे नाव खालच्या ओळीत सुटे असते, आणि दोनचार हातांतून गेल्यावर ते गळते. मग तेथे 'लेखक अज्ञात' असे येते, किंवा पु. ल. देशपांडे, व. पु. काळे यांचे नाव चिकटते. बार्थने १९६७ मध्ये घोषित केलेला लेखकाचा मृत्यू तो हाच, असे म्हणण्याचा मोह एखाद्या उत्साही अभ्यासकाला होईल. तो आवरावा. बार्थला अर्थाची मालकी लेखकाकडून काढून वाचकाकडे सोपवायची होती. येथे वाचकाला काहीच मिळत नाही, आणि लेखकाचे मात्र जाते. शिवाय त्या निबंधावरून बार्थचे नाव कोणी गाळलेले नाही.

नाव गळण्याने लेखकावर अन्याय होतो. संदर्भ गळण्याने काय होऊ शकते, हे २०१८ मध्ये दिसले. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा त्या वर्षी देशभर पसरल्या. फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या जागृतीसाठी तयार केलेली होती. तिच्या शेवटी मोटारसायकलवरचा माणूस मुलाला परत आणून सोडतो आणि सावधगिरीचा संदेश लिहिलेला फलक दाखवतो. हा शेवट कापून टाकलेली फीत खऱ्या अपहरणाचे चित्रण म्हणून हातोहात गेली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतील पाच जणांना, मुले पळवणारे समजून, जमावाने ठार केले. त्या काळात हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत द्वेषाने पाठवणारे असतील. पण बहुसंख्यांनी तो आपल्या माणसांच्या काळजीपोटी पाठवला असणार. याचसाठी हा प्रश्न नीतीचा आहे. हेतूची शुद्धता जामिनाची जागा घेऊ शकली नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवलेल्या संदेशांवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाच संभाषणांची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. ही खूण मजकूर प्रवास करून आला एवढेच सांगते, कोठून आला हे सांगत नाही. मूळ प्रेषक शोधता आला पाहिजे, अशी अट शासनाने २०२१ च्या नियमांत घातली, आणि खासगीपणाच्या मुद्द्यावर तिला न्यायालयात आव्हान मिळाले. वाट दाखवणे हे मित्राने केले तर विश्वास असतो. तेच यंत्राने सक्तीने केले तर पाळत होते.

अभ्यासकांच्या वर्तुळात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती फारशी उच्चारली जात नाही. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्द घालून पाहता येतो. एकोणिसाव्या शतकातील कित्येक मराठी ग्रंथांची छायाचित्रित पृष्ठे इंटरनेट अर्काइव्हसारख्या संग्रहांत विखुरलेली आहेत. त्यांची शीर्षके रोमन लिपीत मनमानेल तशी नोंदलेली असल्यामुळे ती सापडणे हेच एक कौशल्य ठरते. ज्याला सापडले त्याने सहकाऱ्याला सांगावे काय? संहिता वाटल्याने कमी होत नाही. प्रथमत्व मात्र कमी होते. निबंध छापून येईपर्यंत संदर्भ झाकून ठेवण्याची रीत म्हणून विद्यापीठांत आहे, आणि तिचे समर्थन 'परिश्रम' या शब्दाने केले जाते. अन्वयार्थ झाकून ठेवण्यास हरकत नाही, तो अभ्यासकाचा स्वतःचा असतो. पण त्या ग्रंथाचे ठिकाण त्याचे नसते. कोणी तो ग्रंथ जपला, कोणी पाने उलटून त्यांची छायाचित्रे घेतली. अशा प्रतींच्या एखाद्या कोपऱ्यात त्या अनाम माणसाचे बोटही उमटलेले दिसते. विनामूल्य मिळालेल्या या गोष्टीभोवती कुंपण घालताना 'परिश्रम' हा शब्द अपुरा पडतो.

घेणाऱ्याचीही एक बाजू आहे. अमुक संदर्भ अमुक यांनी नजरेस आणून दिला, असे तळटीपेत नमूद करण्याचा प्रघात मुद्रित संशोधनात होता. दुर्मीळ अंक कोणाच्या तरी घरच्या पेटीतूनच येत असे, त्यामुळे तो प्रघात मोडणे अवघडही होते. आता तळटीपेत संकेतस्थळाचा पत्ता आणि तो पाहिल्याची तारीख असते. तो पत्ता अभ्यासकाने स्वतः शोधला, की एका रात्री मित्राने 'हे तुझ्या प्रबंधासाठी' म्हणून पाठवला, हे त्या तळटीपेवरून परीक्षकाला कळत नाही, वाचकालाही कळत नाही. ते फक्त त्या दोघांना ठाऊक असते.