नगरसेवकाविना शहर

१४ मार्च २०२२ रोजी पुणे महापालिकेची मुदत संपली. मुंबईची त्याच्या आठवडाभर आधी संपली होती. नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, कोल्हापूर आणि आजचे छत्रपती संभाजीनगर ही शहरे तर २०२० पासूनच प्रशासकाच्या ताब्यात होती. महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या शहरांना २०२५ अखेरपर्यंतची साडेतीन ते पाच वर्षे निवडून दिलेला एकही प्रतिनिधी नव्हता. या काळात पाण्यासाठी हंडा मोर्चे निघाले, खड्ड्यांत बसून आंदोलने झाली. पण ‘आमची महापालिका आम्हाला परत द्या’ म्हणून एखादे शहर रस्त्यावर उतरल्याचे दिसले नाही. उलट चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या सभेपर्यंत एकच वाक्य कानावर येत राहिले : बरे झाले, तेवढीच खाणारी तोंडे कमी झाली.

या वाक्याची मला भ्रष्टाचारापेक्षा जास्त भीती वाटते.

लोकांचा राग खोटा नाही. मार्च महिना जवळ आला की सुस्थितीतला पदपथ उखडून त्यावर नवे ब्लॉक बसतात, कारण आर्थिक वर्ष संपण्याआधी निधी ‘खर्ची पडायला’ हवा असतो. पुण्यात अंदाजपत्रकातली ‘स’ यादी ही नगरसेवकांच्या प्रभागातल्या कामांची यादी. तिच्यातून किती बाकडी, किती कापडी पिशव्या आणि किती नामफलक निघाले, हे कोणत्याही गल्लीत फिरून पाहावे. करदात्याच्या पैशातून बांधलेल्या स्वच्छतागृहावर ‘माननीय अमुक यांच्या संकल्पनेतून’ असे लिहिलेले असते, आणि संकल्पनेला तर खर्च येत नाही. टक्केवारी हा शब्द आता कुणी आवाज खाली करूनही उच्चारत नाही. जळगावच्या घरकुल प्रकरणात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले, त्यात अनेक माजी नगरसेवक होते. गरिबांसाठी आखलेली घरे अर्धवट राहिली आणि पैसा ठेकेदाराकडे गेला, असे ते प्रकरण. हे सारे पाहिलेल्या माणसाला ‘लोकशाहीवर विश्वास ठेवा’ असे सांगणे हा त्याचा अपमान ठरेल.

पण मग नगरसेवक गेल्यावर काय झाले? पुणे महापालिकेचे २०२५-२६चे अंदाजपत्रक १२,६१८ कोटी रुपयांचे होते, मुंबईचे ७४,४२७ कोटींचे. पूर्वी आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करत, समिती त्यात फेरफार करून ते मुख्य सभेपुढे ठेवी आणि तिथे त्यावर अनेक दिवस चर्चा चाले. ती चर्चा पुष्कळदा भरकटे, आरडाओरडा होई. तरीही एखाद्या निविदेतली खोट विरोधी बाकावरचा माणूस उठून सांगे, वरच्या गॅलरीत बसलेला वार्ताहर ते टिपे आणि दुसऱ्या दिवशी आपण ते वाचत असू. प्रशासकाच्या काळात आयुक्तच अंदाजपत्रक तयार करी, तोच स्थायी समिती म्हणून त्याला मान्यता देई आणि तोच मुख्य सभा म्हणून ते मंजूर करी. अधिकारी प्रामाणिक असेलही. पण त्याची बदली मंत्रालयातून होते, त्यामुळे त्याची मान तिकडेच वळलेली असते. २०२३ मध्ये मुंबई महापालिकेच्या मुख्यालयात पालकमंत्र्यांचे दालन उघडले. महापालिकेतले राजकारण गेलेच नाही. त्यातले आपले मत तेवढे गेले.

याची किंमत कुणी मोजली हे पाहायचे असेल तर सिंहगड रस्त्याने पुढे जावे. ३० जून २०२१ रोजी नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, वाघोली अशी तेवीस गावे पुणे महापालिकेत आली. त्या दिवशी तिथल्या ग्रामपंचायती संपल्या. ग्रामपंचायतीत कारभार फार चांगला होता असे नाही. बिल्डरांनी नदीकाठ कसे गिळले ते त्याच काळातले आहे. पण पाणी आले नाही तर सरपंचाच्या दारात जाता येत होते, ग्रामसभेत उभे राहून विचारता येत होते. महापालिकेत येताच हे संपले, आणि आठ-साडेआठ महिन्यांत महापालिकेचे सभागृहही संपले. २०२५ अखेरपर्यंत या गावांनी एकही नगरसेवक निवडून दिलेला नव्हता. मिळकतकराची बिले मात्र त्यांना आली, आणि त्या करावरून किती असंतोष आहे हे तिथल्या कुणालाही विचारावे.

जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी आणि आसपास, गुइलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. पुणे परिसरात त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली, काही जण व्हेंटिलेटरवर गेले, काही दगावले. संशयाची सुई दूषित पाण्याकडे गेली. तेव्हा शहराला कळले की या गावांना शुद्धीकरण केंद्रातले पाणी मिळतच नाही, विहिरीच्या पाण्यात क्लोरिन मिसळून ते नळाला सोडले जाते. महापालिकेत येऊन साडेतीन वर्षे झाल्यानंतरची ही स्थिती. नगरसेवक असता तर साथ टळली असती असे मी म्हणणार नाही. पण मुख्य सभेत गढूळ पाण्याची बाटली घेऊन येणारा आणि ती आयुक्तांच्या टेबलावर आदळणारा माणूस पुण्याने अनेकदा पाहिला आहे. नांदेड गावाची बाटली आदळणारे कुणी नव्हते. अर्ज होते, समाजमाध्यमांवरच्या तक्रारी होत्या, अॅपवरचे टोकन क्रमांक होते.

ही पोकळी आपोआप पडली नाही. राज्यघटनेच्या कलम २४३-यू नुसार पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक व्हायला हवी. २०२० मध्ये करोनाचे कारण खरे होते. त्यानंतर ४ मार्च २०२१ च्या निकालाने ओबीसी आरक्षणाचा पेच उभा राहिला, मग प्रभागरचनेचा. महाविकास आघाडीने तीन सदस्यांचा प्रभाग केला, पुढच्या सरकारने तो पुन्हा चारचा केला, प्रकरण न्यायालयात अडकले. ओबीसींचा प्रश्न खरा होता आणि तो सुटायलाच हवा होता. पण त्याची ढाल करून दोन्ही बाजूंच्या सरकारांनी शहरे स्वतःच्या मुठीत ठेवली. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितले आणि सप्टेंबरमध्ये ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत ठरवून दिली.

प्रभागरचनेबद्दल थोडे थांबून बोलायला हवे, कारण विश्वास तुटण्याचे मूळ मला तिथे दिसते. पुण्यात २००२ साली तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ साली एकाचा, २०१२ साली दोघांचा, २०१७ साली चौघांचा. दर वेळी सत्तेवर असलेल्यांना जे सोयीचे ते. चारचा प्रभाग म्हणजे सत्तर-ऐंशी हजार लोक. एवढ्या मोठ्या भागात स्वतःच्या बळावर उभे राहणे एखाद्या शिक्षिकेला, कामगार कार्यकर्त्याला किंवा अपक्षाला जवळपास अशक्य. पक्षाचे पॅनेल हवे आणि पॅनेलसाठी पैसा हवा. निवडून आल्यावर तुंबलेल्या चेंबरसाठी पहिल्याकडे जावे तर तो दुसऱ्याचे नाव सांगतो, दुसरा तिसऱ्याचे. मत देणाऱ्याला आपला नगरसेवक नेमका कोण हेच ठरवता येत नसेल, तर तो विश्वास ठेवणार कुणावर आणि जाब विचारणार कुणाला? मुंबईत मात्र एका प्रभागाला एकच नगरसेवक. जे तिथे चालते ते इतर शहरांत का नको, याचे समाधानकारक उत्तर मी कुणाकडूनही ऐकलेले नाही.

शिवाय नगरसेवकाच्या खुर्चीत उरले आहे तरी काय? जकात गेली आणि महापालिका राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसल्या. शहराभोवतालचे नियोजन प्राधिकरणाकडे, मेट्रो वेगळ्या कंपनीकडे, स्मार्ट सिटी आणखी एका कंपनीकडे. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अठरा विषय लिहिले, पण ते खरोखर सोपवण्याची घाई कुठल्याच सरकारने केली नाही. मोठे निर्णय हातात नसलेला नगरसेवक मग बाकड्यांकडे आणि ठेक्यांकडे वळतो. मतदारही त्याच्याकडे शाळेतला प्रवेश, रुग्णालयातली खाट आणि मंडळाची वर्गणी मागतो, पुढच्या वीस वर्षांच्या पाण्याचा आराखडा मागत नाही.

ही जागा मुळात इतकी खुजी नव्हती. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेत होते, तेही सरकारनियुक्त सभासद म्हणून. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर हजार रुपये उधळण्याचा प्रस्ताव आला तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या म्हणत त्यांनी एकट्याने विरोध केला. मृणाल गोरे १९६१ साली गोरेगावातून मुंबई महापालिकेत गेल्या आणि ‘पाणीवाली बाई’ झाल्या. तहानलेल्या वस्त्यांनी दिलेले ते नाव होते. अशी माणसे आजही वस्त्यांत आहेत. २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्यावर सभागृहात आलेल्यांपैकी काहींचा कारभार नवरेच पाहत होते, हे खरे. पण कितीतरी जणी दुसऱ्या वर्षापासून अधिकाऱ्यांना फायली मागू लागल्या होत्या. त्यांचे शिकणे २०२२ मध्ये मधेच थांबले.

निवडणूक आली की उमेदवार दारात येतात. त्यांना रस्ता, गटार जरूर विचारावे. पण क्षेत्रसभेचेही विचारावे. प्रभागातल्या मतदारांची सभा भरवावी, तिच्यापुढे कामे आणि हिशेब ठेवावेत, अशी तरतूद महाराष्ट्राने २००९ साली कायद्यात केली. खेड्यातल्या ग्रामसभेचे शहरी रूप ते हेच. आपल्या भागात अशी सभा भरल्याचे पाहिलेला शहरी मतदार शोधून सापडणार नाही. नांदेड, वाघोली, सूसच्या लोकांनी तर हे आधी विचारावे, कारण त्यांच्याकडून ग्रामसभा काढून घेतली तेव्हा बदल्यात जे मिळायला हवे होते ते हेच होते. निवडून आल्यावर तीन महिन्यांत पहिली क्षेत्रसभा, तिच्यात ‘स’ यादीचे वाचन, प्रत्येक कामापुढे ठेकेदाराचे नाव आणि रक्कम. हे लेखी द्यायला जो उमेदवार तयार होईल, तो कोणत्या पक्षाचा आहे हे मी नंतर पाहीन.